आयबीएसचं (आतड्याच्या जुनाट त्रासाचं) पथ्य, आता अजिबात झेपत नाहीये. मदत हवी.

रिकामा_डबा:
लो फॉडमॅप चालू आहे, म्हणजे नीट न पचता पोटात वायू धरणाऱ्या साखरा ज्यात असतात ते पदार्थ टाळायचे. कांदा, लसूण, गहू, तूरडाळ, दूध, छोले, आंबा, सगळं बंद. परवा होळी. घरी पुरणपोळ्या होणार आणि मी भाताची ताटली घेऊन बसणार. सासूबाईंच्या मते हे सगळे नखरे. "डॉक्टरांना विचारा" कृपया नको, ते झालंय. पथ्य टिकवायचं कसं, एवढंच सांगा. काल ऑफिसात समोसा खाल्ला आणि रात्रभर पोट धरून बसले.

मिरीदाणा:
किती दिवस चालू आहे? जुलाबाचा त्रास आहे की बद्धकोष्ठाचा? गहू सोडायच्या आधी सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं दुखावतं तो आजार) रक्ततपासणी केली होती का? गहू बंद असताना ती फसवी येऊ शकते.

सह्यकडा:
रोज जेवणानंतर वाटीभर ताक, जिरेपूड घालून. माझं पोट ३ आठवड्यांत ताळ्यावर आलं. ही फॅडं सोडा.

रिकामा_डबा:
वर लिहिलंय ना, दूध बंद!

सह्यकडा:
ताक म्हणजे दूध नव्हे.

मिरीदाणा:
लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, ताकातही उरतं हो. तुम्हाला सोसलं म्हणून सगळ्यांना सोसेल असं नाही.

सदाफुली:
वजन किती उतरलं? मलाही सुरू करायचंय.

रिकामा_डबा:
ताई, हे वजनासाठी नाहीये!!

तात्या_पंढरपूरकर:
कांदा-लसणासाठी काय रडायचं? आमच्याकडे अख्खा चातुर्मास बंद. त्याआधी कांदेनवमीला मात्र भजी, थालीपीठ, कांद्याची पीठपेरणी... आईच्या हातची भजी आठवली.

पातीवाली:
तात्या, चातुर्मासात तुम्हाला वरण-पोळी मिळते, हिला तीही नाही. आणि भजी कसली आठवताय इथे!
ताई, लसूण तेलात परता आणि पाकळ्या काढून टाका. त्रास देणारं फ्रुक्टन (लसणातली न पचणारी साखर) पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून आमटीत उकळून पाकळ्या काढल्या तर काही उपयोग नाही. कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग घ्या. हिंगाच्या डबीवर काय लिहिलंय तेही वाचा, बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ असतं. मी दोन महिने ज्वारीची भाकरी आणि दाण्याची आमटी यांवर काढले. घरात "उपास आहे" म्हणायचे, कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

सह्यकडा:
म्हणजे खोटं बोलायचं?

मिरीदाणा:
पुन्हा विचारतेय. कधीपासून चालू आहे?

रिकामा_डबा:
गणपती झाल्यावर लगेच सुरू केलं.

मिरीदाणा:
अहो, सहा महिने होत आले! सगळं बंद ठेवायचा टप्पा २ ते ६ आठवड्यांचा असतो. हा आहार मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी बसवला, त्यांचंच हे सांगणं आहे. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा: बाकी पथ्य तसंच ठेवून एकच वस्तू तीन दिवस, रोज थोडी वाढवत. जे सोसेल ते कायमचं सुरू. तुम्ही पहिल्याच पायरीवर बसून राहिलात, मग वैताग येणारच. समोशाने तर काहीच कळलं नाही, त्यात मैदा, कांदा, वाटाणा सगळंच आलं. आहारतज्ज्ञांनी सांगितलं नाही?

रिकामा_डबा:
एक महिन्याने बोलावलं होतं. बरं वाटत होतं म्हणून गेलेच नाही. 🙈 मग आता सुरुवात कशाने करू?

तात्या_पंढरपूरकर:
कांद्याने.

सह्यकडा:
ताकाने.

मिरीदाणा:
आधी त्यांना फोन करा. आणि सिलिअ‍ॅकच्या तपासणीचं अजून सांगितलं नाहीत.