शब्दचर्चा : 'प्रिकर्सर'ला मराठीत काय म्हणाल?

गोदाकाठ : गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात भित्तिपत्रकासाठी लेख लिहितेय. विषय आहे जीवाणूंच्या पेशीभित्तिकेचे 'प्रिकर्सर' (म्हणजे ज्यांपासून ती भित्तिका बनते ती आधीची द्रव्यं) आणि त्यांचं रासायनिक संश्लेषण. पेशीभित्तिका, प्रतिजैविक हे शब्द शाळेपासूनचे. अडलंय 'प्रिकर्सर'पाशी. एका मैत्रिणीने 'भित्तिपूर्वक' सुचवलं.

पंचवटीकर : अहो, नको! आदरपूर्वक, विनयपूर्वक, तसं भित्तिपूर्वक? घाईत वाचणारा 'भीतीपूर्वक' वाचेल. 'पूर्वगामी'ही नको, तो पुढे निघून गेलेला माणूस वाटतो. 'पूर्वघटक' घ्या.

सातपूरकर : 'घटक'ला माझा विरोध. लिपिड-२ हा असाच एक प्रिकर्सर बघा. दोन शर्करा, त्यांतल्या एकीला पाच अमिनो आम्लांची शेपटी, आणि हे सगळं पायरोफॉस्फेटमार्फत, म्हणजे दोन फॉस्फेटांच्या दुव्याने, ५५ कार्बनांच्या लांब लिपिडला जोडलेलं. भिंतीत शर्करा बसतात. लिपिड सुटून पुढच्या खेपेला परत वापरात येतो. शेपटीच्या टोकाला डी-अ‍ॅलानिन या अमिनो आम्लाची जोडी असते. भिंतीतल्या शेजारच्या साखळीशी आडवा सांधा जुळताना त्यांतलं शेवटचं गळतं. पेनिसिलिन याच जोडीची नक्कल करून सांधणाऱ्या एन्झाइमला अडकवतं, तर व्हॅन्कोमायसिन हे दुसरं प्रतिजैविक ती जोडीच धरून ठेवतं. म्हणजे जे भिंतीत उरत नाही, त्यालाही 'घटक' म्हणायचं?

गोदाकाठ : मग 'पूर्वद्रव्य'?

सातपूरकर : चालेल. आम्ही प्लांटमध्ये 'इंटरमीजिएट'च म्हणतो, पण तो शब्द भित्तिपत्रकावर नको.

पंचवटीकर : पूर्वद्रव्य मान्य. पण 'रासायनिक संश्लेषण' संदिग्ध आहे. जीवाणू करतो तेही रसायनशास्त्रच की! 'प्रयोगशाळेतील' जोडा, आणि जीवाणूच्या कामाला 'जैवसंश्लेषण' म्हणा.

गोदाकाठ : जोडते. पण वाचक विचारतील, जीवाणू बनवतोच, तर माणसाने कशाला बनवायचं?

सातपूरकर : कारण पेशीत लिपिड-२ फार थोडं असतं, गोळा करणं जिकिरीचं. २००१-०२ मध्ये त्याचं संपूर्ण संश्लेषण झालं, तेव्हा एन्झाइमं तपासायला शुद्ध द्रव्य हाती आलं. पायरोफॉस्फेटचा बंध नाजूक, आम्लात टिकत नाही, म्हणून तो शेवटाकडे जोडतात. हे लेखात आलंच पाहिजे, शब्दांचा काथ्याकूट नंतर.

पंचवटीकर : काथ्याकूट करायलाच तर जमलोय! बरं, 'पूर्वद्रव्य'चं अनेकवचन 'पूर्वद्रव्ये' की 'पूर्वद्रव्यं'?

गोदाकाठ : छापील लेखात 'पूर्वद्रव्ये'. बोलताना अनुस्वार.