मदत हवी आहे : सोसायटीत मावशींना परत बोलवायचंय, नियम काय ठेवलेत?

साल २०२०. कोरोनाच्या लॉकडाऊननंतर टप्प्याटप्प्याने सगळं उघडायचं राज्य सरकारचं 'मिशन बिगिन अगेन' सुरू झालंय, पण पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीत रोज वाद. अर्धे लोक घरात बसून पार कंटाळलेत, अर्ध्यांना गेट उघडायचीच भीती. दोघांचंही चुकत नाही. लिफ्ट, जिना आणि धुणीभांडीवाल्या मावशी, एवढंच ठरवायचंय.

सध्या ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (जंतू मारणारं ब्लीच) १ लिटर अन् पाणी ४ लिटर, असं १ टक्क्याचं द्रावण करून रेलिंग पुसतो. १० मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं, नाहीतर लोखंड गंजतं. द्रावण रोज ताजं, कारण ठेवलं की जोर जातो. त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर अजिबात मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. माणसांवर फवारणी तर नाहीच. लिफ्टच्या बटणांना ७० टक्के अल्कोहोल, तेही कापडावर घेऊन; थेट मारलं तर आत झिरपतं.

खरी अडचण गेटवर आहे. उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळ तापलेलं असतं, लांबून ताप मोजणारी थर्मल गन उगाच जास्त दाखवते. म्हणून आधी थोडा वेळ सावलीत बसवतो. आणि लक्षणं नसलेला बाधित माणूस त्या गनला सापडतच नाही. त्यामुळे माझा भर मास्क आणि उघड्या खिडक्यांवर.

एक मावशी चार घरी जात असतील तर वेळा कशा लावल्यात? कमिटीने लेखी काय दिलंय? आणि त्या घरी थांबल्या तर पगार कापायचा नाही, हे सभासदांच्या गळी कसं उतरवलंत? नमुना असेल तर इथेच टाका.