कॉलवर 'यस, यस' म्हणत फसलो. बोलायचं इंग्रजी कसं सुधारू?

बरवाला:
नमस्कार मंडळी. चाकणला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे, ९ वर्षं झाली. शाळा अहमदपूरकडची, मराठी माध्यम, पुढे डिप्लोमा. ड्रॉइंग, मेल, ऑडिटची कागदपत्रं यात अडत नाही. अडतं ते तोंडात. आमचे सिनियर कंपनी सोडून गेले आणि जर्मन कस्टमरचा दर गुरुवारचा कॉल माझ्या गळ्यात पडला.

मागे हाउसिंगच्या (पार्टच्या बाहेरच्या कवचाच्या) ऑइल होलमध्ये बर, म्हणजे मशीनिंगनंतर धातूला राहिलेली धारदार कड, सापडली. कस्टमरने एट-डी रिपोर्ट (दोष का आला, तो कसा थांबवणार हे आठ पायऱ्यांत सांगणारा) मागितला. तिकडच्या बाई बोलत होत्या आणि मी आपला दर वाक्याला 'यस, यस'. फोनवर आपण 'हं, हं' करतो ना, तेवढ्याच अर्थाने. त्यात कुठेतरी त्यांनी विचारलं असणार, शुक्रवारपर्यंत रूट कॉज (दोषाचं मूळ कारण) देणार का. संध्याकाळी मिनिट्स आले: सप्लायरने शुक्रवार मान्य केला. म्हणजे उद्या! बर कुठल्या मशीनवर येतेय हेसुद्धा आमचं ठरलं नव्हतं. साहेबांनी केबिनमध्ये जे ऐकवलं ते शुद्ध मराठीत होतं, सगळं समजलं.

एका क्लासवाल्याने तीन महिन्यांचे १८ हजार सांगितलेत. डेमोला टेन्सचा तक्ता शिकवला. तो मला दहावीपासून पाठ आहे. काय करू?

माजी रात्रपाळी:
दादा, १८ हजार खिशात ठेवा. मी पुण्यात ४ वर्षं कॉल सेंटरला काढली, आता डिस्पॅच बघते. तुमचं इंग्रजी कच्चं नाहीये, तुम्ही मराठीच बोलताय, फक्त शब्द इंग्रजी.

'यस' आधी बंद करा. ऐकतोय एवढंच कळवायचं तर 'आय सी' म्हणा. तारीख निघाली की 'लेट मी चेक, आय विल कन्फर्म बाय मेल टुडे'. आणि फोन ठेवायच्या आधी, काय काय कबूल केलं ते स्वतः वाचून दाखवा. लाज वाटते पहिल्यांदा, पण मिनिट्स आल्यावर वाटते त्याहून कमीच.

दुसरं म्हणजे आपलं क्रियापद शेवटी येतं, तशी आपली गोष्टही शेवटी येते. सॉर्टिंग झालं का विचारलं की आपण सुरू करतो: काल सेकंड शिफ्टला माणसं कमी, त्यात लाइट गेली, मग... तोवर पलीकडचा माणूस हरवतो. 'नॉट यट. ६०० डन, ४०० पेंडिंग, टुमॉरो नून.' आता सांगा लाइट गेल्याचं, विचारलं तरच.

आणि तो 'ओन्ली' सोडा. 'कालच पाठवलं'चं आपण 'यस्टरडे ओन्ली वी सेंट' करतो. आपल्या 'च'चं ओझं त्या बिचाऱ्या शब्दाला पेलत नाही.

सराव म्हणून बुधवारी रात्री स्वतःचा रिपोर्ट मोबाइलवर मोठ्याने बोलून रेकॉर्ड करा. ऐकवत नाही, माहितीये. तरी ऐका.

सडेतोड:
जर्मन माणूस कधी मराठी शिकतो का? आपणच का वाकायचं?

बरवाला:
साहेब, पीओ (खरेदीची ऑर्डर) तिकडून येते.

नेकारकाठचा:
स्टुटगार्टला आहे, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो म्हणा ना. त्या बाईंचीही ती दुसरी भाषा आहे हे विसरू नका. आपण व्ही आणि डब्ल्यूमध्ये घोळ घालतो, तसा इथलेही घालतात, त्याची चिंता सोडा.

चिंता करायची ती त्यांच्या शब्दांची. जर्मनमध्ये 'बिस' या एकाच शब्दात 'अमुक दिवसाच्या आत' आणि 'अमुक दिवसापर्यंत चालू' दोन्ही बसतं, म्हणून 'अंटिल फ्रायडे' म्हणाल्या तर बहुधा शुक्रवारच्या आत हवंय. 'अ‍ॅक्चुअल स्टेटस' म्हणजे सध्याची स्थिती. सगळ्यात फसवा 'इव्हेंच्युअली'. इंग्रजीत तो 'शेवटी होणारच' सांगतो, पण यांच्या 'इव्हेंचुएल'चा अर्थ 'कदाचित'. पुन्हा विचारलं तर इथे कुणी तुम्हाला कमी समजत नाही. न विचारता हो म्हणून तारीख चुकवली, तर मात्र नक्की समजतात.

बरवाला:
तीन गुरुवार झाले, म्हणून कळवतोय. हिवाळ्यासाठी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली, कॉल दीडचा अडीचला आला, त्यामुळे निदान जेवून बसतो. पहिल्या कॉलला 'यस' चार वेळा निसटला, कालच्याला एकदा. रेकॉर्डिंग ऐकलं तर मी दर वाक्याआधी 'अ‍ॅक्च्युअली' म्हणतो, हे बायकोला आधीपासून माहीत होतं म्हणे.

कालची गंमत. बाई म्हणाल्या, 'इव्हेंच्युअली वी कम फॉर ऑडिट इन जान्युअरी'. शेजारी साहेबांनी लगेच वहीत लिहून घेतलं आणि शॉपला रंग द्यायचा म्हणून मेंटेनन्सला फोन लावला. मी माइक चालू केला: 'सॉरी, इज इट फिक्स्ड, ऑर पॉसिबल?' 'पॉसिबल, पॉसिबल,' बाई हसल्या.

रंगाचे डबे तूर्त स्टोअरमध्येच आहेत.