न्यूसमसाहेबांचं घूमजाव: विनाकागद लोकांना मेडी-कॅल द्यावं का?

सॅनहोजेकर
कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी जानेवारी २०२४ मध्ये २६ ते ४९ वयाच्या विनाकागद (म्हणजे इथे राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या) स्थलांतरितांनाही मेडी-कॅल, म्हणजे राज्याचा सरकारी आरोग्यविमा, खुला केला. बाकीच्या वयांना टप्प्याटप्प्याने आधीच मिळाला होता. मे २०२५ मध्ये १२ अब्ज डॉलरची तूट निघाली आणि साहेबांनी गाडी रिव्हर्समध्ये टाकली. १ जानेवारी २०२६ पासून १९ वर्षांवरच्यांची नवी नोंदणी बंद. आत आहेत त्यांतल्या १९ ते ५९ वयाच्यांना जुलै २०२७ पासून महिना ३० डॉलर हप्ता. (साहेबांना १०० हवे होते.) माझं मत: हे आधीच करायला हवं होतं. आई इथे आली तेव्हा छातीत दुखलं म्हणून एक रात्र इमर्जन्सीत काढली. व्हिजिटर इन्शुरन्सने हात वर केले, ते बिल मी अजून फेडतोय. रांगेत नियमाने उभं राहणाऱ्याने भरायचं, बाकीच्यांना फुकट?

खवचट_खान्देशी
आईच्या बिलाचं वाईट वाटलं, पण ते बिल काय स्ट्रॉबेरी तोडणाऱ्याने लावलं? १९९६ च्या कायद्याने या लोकांना केंद्राचं मेडिकेड (गरिबांचा आरोग्यविमा, मेडी-कॅल हे त्याचंच कॅलिफोर्नियातलं रूप) मिळतच नाही, अपवाद इमर्जन्सीचा. आणि इमर्जन्सी न्यूसमनेही बंद केलेली नाही. म्हणजे नवीन माणसाला मधुमेहाच्या गोळ्या नाहीत, पाय सडला की मात्र सरकारी खर्चाने ऑपरेशन. यात वाचलं काय?

सॅनहोजेकर
गोळ्यांचा मुद्दा मान्य. पण पैसा राज्याचाच जातो ना? तो आमच्या टॅक्समधून येतो.

खवचट_खान्देशी
त्यांच्याही. भाजी घेताना सेल्स टॅक्स कागद बघून लावतात काय? कित्येकजण आयटिन नंबर (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना मिळणारा टॅक्सचा नंबर) काढून रिटर्नही भरतात.

आजोळ_वाई
दोघंही न्यूसमना फारच गंभीरपणे घेताय. त्यांचं लक्ष २०२८ च्या अध्यक्षपदाकडे. १९९४ मध्ये तेव्हाचे रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी प्रपोझिशन १८७ च्या (विनाकागद लोकांच्या सरकारी सोयी बंद करण्याच्या जनमताच्या) लाटेवर गव्हर्नरपद राखलं, पण पुढे लॅटिनो मतदार त्यांच्या पक्षापासून दुरावला. म्हणून न्यूसम दार बंद करत नाहीत, नुसतं लोटून घेतात.

निळू_फ्रीमाँट
आमची साफसफाईवाली बाई तर म्हणते, कार्ड आहे पण वापरायची भीती वाटते. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने मेडिकेडची माहिती होमलँड सिक्युरिटीला (विनाकागद लोकांना पकडणाऱ्या खात्याला) दिली, तेव्हापासून ती दवाखान्यात गेलेली नाही. ३० डॉलर भरेल हो ती. पत्ता कोणाला कळेल, तेवढं विचारत होती.

सॅनहोजेकर
तिला काय सांगितलंस?