मदत हवी आहे: माळ्यावर जुना सान्सुई-अकाई सेट सापडला, काय करू?

समीर_मालवण
नमस्कार मंडळी. गावच्या घराची कौलं उतरवायचं काम सुरू आहे, पाऊस तोंडावर आलाय. माळा रिकामा करताना काकांचा जुना म्युझिक सेट निघाला. सान्सुईचा ॲम्प्लिफायर, अकाईचा स्पूलवाला टेप, पायोनियरचा रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकरच्या दोन मोठ्या लाकडी पेट्या. भंगारवाला परवा येतोय, सगळ्याचे मिळून तीन हजार म्हणतो. विकू, दुरुस्त करू की ठेवून देऊ? रविवारी मला परत निघायचंय. लवकर सांगा.

ओंकार_पुणे
भंगारात अजिबात देऊ नका! मॉडेल नंबर काय आहेत? फोटो टाका. चालू आहे का सगळं?

अण्णा६२
ओंकार, "चालू आहे का" विचारलंस की माणूस लगेच प्लग लावून बघतो. समीरभाऊ, काहीही झालं तरी प्लग लावू नका. इतकी वर्षं बंद असलेल्या ॲम्प्लिफायरमधले कंडेन्सर सुकलेले असतात, एकदम २३० व्होल्ट मिळाले तर फुटतात आणि कधीकधी ट्रान्सफॉर्मरही जातो. मेकॅनिककडे सिरीज लॅम्पवर (वाटेत बल्ब जोडून) किंवा डिमरस्टॅटवर हळूहळू व्होल्टेज चढवून बघतात. काकांनी सेट आणला कुठून?

समीर_मालवण
काका बोटीवर होते. सान्सुईवर एयू-६०७, अकाईवर जीएक्स-४०००डी लिहिलंय. पायोनियरचा पत्रा गंजलाय, नंबर वाचता येत नाही. किंमत किती येईल एवढं कोणी सांगेल का?

वैशाली_चिपळूण
आमच्या घरी असाच जुना ॲम्प्लिफायर होता. भावाने आत ब्लूटूथचं छोटं मोड्यूल बसवून दिलं, आता मोबाईलवरून अभंग लागतात. खर्च अगदी किरकोळ. विकण्यापेक्षा हे करा.

अण्णा६२
ताई, त्यांनी ते विचारलेलं नाही. समीरभाऊ, बोटीवर होते ते समजलं, पण सेट कोणत्या बंदरात घेतला? एयू-६०७ हे जपानच्या बाजारासाठीचं मॉडेल. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची. आपल्या सॉकेटमध्ये थेट लावलात तर संपलाच. मागची पट्टी वाचा.

खारेवारे
घाई कित्याक करतंस रे? भंगारवाल्याक सांग, पुढल्या म्हयन्यात ये. वस्तू खंय पळान जातली नाय.

समीर_मालवण
पळून नाही जाणार, पण कौलं उतरल्यावर पाऊस थेट माळ्यावर. घरात दुसरी कोरडी जागा नाही.
मागे वाचलं. सान्सुईवर १०० व्ही. अकाईच्या मागे एक गोल चकती आहे, ती १०० वर. सोबत एक जड लोखंडी डबाही आहे, त्यावर २३० इन, १०० आउट. घरचे म्हणतात सेट कोबेला घेतला. रेकॉर्ड प्लेअरच्या झाकणाखाली कुंभारमाशीने मातीची तीन घरं बांधलीत, त्यातलं एक थेट सुईच्या दांडीवर.

ओंकार_पुणे
तो डबा म्हणजे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर. काकांना सगळं माहीत होतं. कुंभारमाशीची माती कोरडी असताना खरवडू नका, सुईची दांडी वाकेल. ओलसर कापसाने मऊ करून काढा. आणि व्हॉल्यूमच्या बटणात घरातलं गंजाचं तेल मारू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा.
मला स्वतःला सान्सुईत रस आहे. सात हजार देतो, कणकवलीला येऊन नेतो. व्यनि (खाजगी निरोप) करा.

अण्णा६२
आधी दुसऱ्याला घाबरवायचं आणि मग स्वतः बोली लावायची, हे बरं नाही.

ओंकार_पुणे
कोणाला घाबरवलं? तीन हजारांत चार वस्तू जात होत्या, मी एकीचेच सात म्हणतोय. तुमच्यासारखे लोक सगळं जपून ठेवा म्हणतात आणि शेवटी वाळवी खाते.

टेपरेकॉर्डर
उशिरा वाचलं. कोबे म्हणालात ना? मग एक गोष्ट ट्रान्सफॉर्मरने सुटत नाही. जपानमध्ये विजेची वारंवारता दोन प्रकारची आहे, पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे ६०. कोबे ६० च्या भागात येतं. आपल्याकडे ५०. ॲम्प्लिफायरला फरक पडत नाही, पण अकाईसारख्या यंत्रात एसी मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते. आतली जुळणी ६० ची असेल तर इथे टेप सहाव्या हिश्श्याने हळू चालतो. पायोनियर बेल्टवाला असेल तर त्याचंही तेच. आवाज जड, ओढल्यासारखा येतो.
आता माझा प्रश्न, जो अजून कोणीच विचारला नाही. स्पूल आहेत का सोबत?

समीर_मालवण
आहेत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सतरा-अठरा असतील. ते नंतर बघू, आधी यंत्रांचं ठरवायचंय.

टेपरेकॉर्डर
नंतर नको. डब्यांवर काय लिहिलंय ते सांगा. बाकी सगळं त्यावर ठरेल.

वैशाली_चिपळूण
स्पूलवरून आठवलं, आमच्याकडे कॅसेटचा खोकाच्या खोका पडलाय. रत्नागिरीत कॅसेट दुरुस्त करणारं कोणी आहे का?

समीर_मालवण
काकांच्या अक्षरात आहे. काही दुकानातल्या गाण्यांच्या. बाकी 'जत्रा, दशावतार, रात्र पहिली', 'रात्र दुसरी', 'भजन डबलबारी', आणि तीन डब्यांवर नुसतं 'आई, जात्यावर'. ही माझी आजी. ती मी जन्मायच्या आधीच गेली.

अण्णा६२
समीरभाऊ, भंगारवाल्याला आजच फोन करून नको म्हणून सांगा.

टेपरेकॉर्डर
आता नीट ऐका. दशावतार आणि ओव्या काकांनी गावात, ५० हर्ट्झवर रेकॉर्ड केल्या. यंत्राची जुळणी कोबेचीच राहिली असेल तर ते रेकॉर्डिंगही हळू फिरणाऱ्या टेपवर झालंय. याच यंत्रावर, इथल्याच विजेवर वाजवलंत तर आवाज बरोबर येईल. दुसऱ्या अकाईवर वाजवलंत तर आजीचा आवाज चढा आणि घाईचा येईल. म्हणून स्पूल मोबाईलमध्ये किंवा कॉम्प्युटरवर उतरवून होईपर्यंत अकाई विकू नका आणि कोणाला 'सुधारू'ही देऊ नका. मोटरची पुली (टेपचा वेग ठरवणारं चाक) बदलली की हा धागा तुटला.

ओंकार_पुणे
हे थोडं जास्त होतंय. वेग कॉम्प्युटरवर आरामात दुरुस्त होतो, कुठल्याही चांगल्या मशीनवर वाजवा आणि नंतर सहाव्या हिश्श्याने हळू करा. खरी अडचण टेपची आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पाठीला काळा लेप असलेल्या बऱ्याच टेपा दमट हवेत चिकट होतात, हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) किरकिरतात आणि लेप सोडतात. त्या मंद उष्णतेवर, ५०-५५ अंशांवर, काही तास भाजून घ्याव्या लागतात. ओव्हन आहे का घरी?

टेपरेकॉर्डर
ओव्हनचं नाव काढू नका! घरच्या ओव्हनचा काटा पंधरा-वीस अंश इकडेतिकडे असतो. आणि ॲसिटेटची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) टेप भाजली तर ती गेलीच. समीर, एक स्पूल उजेडासमोर बाजूने धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ॲसिटेट, काळी दिसली तर पॉलिएस्टर. डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो का तेही बघा.
वेग नंतर दुरुस्त होतो हे ओंकारचं बरोबर, पण किती बिघडलाय ते ठरवायला हेच यंत्र पुरावा आहे.

समीर_मालवण
उजेड आरपार नाही, काळ्या आहेत. आंबट वास नाही, फक्त माळ्याचा कुबट वास. चिकट लागत नाहीत.

टेपरेकॉर्डर
मग आशा आहे. जीएक्स म्हणजे काच-फेराइटचं हेड, ते सहसा झिजत नाही. आतलं जुनं ग्रीस आणि रबर मात्र बघून घ्यावं लागेल. पहिल्यांदा गाण्याची बाजारातली स्पूल लावून तपासा, आजीची नको. आणि कॅसेटला असते तशी तोडून टाकायची टिकली स्पूलला नसते. चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तर आवाज पुसला जातो, परत येत नाही. रेकॉर्डच्या बटणावर आत्ताच चिकटपट्टी लावा.

खारेवारे
आजयेच्यो ओवयो गावल्यो तर हय टाक रे बाबा. आमच्या घरात त्यो म्हणणारा कोण ऱ्हवला नाय.

समीर_मालवण
ठरवलं. भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. कणकवलीला मामेबहिणीचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, अकाई, लोखंडी डबा आणि स्पूल उद्याच रिक्षाने तिकडे. सान्सुई आणि पेट्याही तिकडेच. ओंकार, सान्सुईबद्दल सगळे स्पूल उतरवून झाल्यावर बोलू, आवाज ऐकायला तोच लागेल. पायोनियर तुम्हाला हवा असेल तर आत्ता न्या. अण्णा, कणकवली-कुडाळ भागात सिरीज लॅम्पवर काम करणारा कोणी विश्वासाचा असेल तर व्यनित कळवा.

अण्णा६२
कुडाळला एकजण आहे, जुने व्हॉल्व्हचे रेडिओ करतो. व्यनि केलाय. आणि अकाई उघडेल तेव्हा समोर थांबा.

ओंकार_पुणे
पायोनियर घेतो. ती माती मीच काढेन, तुम्ही हात लावू नका.

टेपरेकॉर्डर
रिक्षात स्पूल उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक नको. आणि स्पूलचे डबे त्या लाकडी पेट्यांना टेकवू नका, स्पीकरच्या मागे मोठे मॅग्नेट असतात.