मदत हवी आहे: बहिणीचं बुधवारी लॅसिक, भेव काही जात नाही

रानवाट:
नमस्कार मंडळी. लहान बहिणीचं (वय 23) येत्या बुधवारी नागपूरला लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन आहे, फेम्टोवालं (बुबुळाचा पापुद्राही लेझरनंच कापतात ते). दोन्ही डोळ्यांना उणे 5, नंबर वर्षभर स्थिर. तपासण्या झाल्या, डॉक्टर हो म्हणाले. पण ती रात्र रात्र जागून राहिली आहे. डोळा हलला तर? शिंक आली तर? लाइट गेली तर? बुबुळ पातळ होऊन पुढे डोळाच कामातून गेला तर? "काही होत नाही" सोडून काही सांगा, ते अख्ख्या गावानं सांगून झालं.

धुऱ्यावरचा:
बुबुळाचा हिशेब कागदावर होतो. रिपोर्टमध्ये पॅकिमेट्रीचा, म्हणजे बुबुळाच्या जाडीचा आकडा काय?

रानवाट:
उजवा 528, डावा 531.

धुऱ्यावरचा:
मग लिहून दाखवा तिला. फ्लॅप, म्हणजे लेझर मारायला उचलतात तो बुबुळाचा वरचा पापुद्रा, साधारण 110 मायक्रॉन. लेझर एका नंबरमागे ढोबळमानानं 15 मायक्रॉन झिजवतो, म्हणजे 75. 528 मधून 185 गेले, उरले 343. खाली किमान 250 उरावेत असा दंडक आहे, बरेच सर्जन 300 धरतात. तिचे नेमके आकडे डॉक्टर देतील. नुसती जाडी पाहून मात्र भागत नाही. केराटोकोनसची, म्हणजे बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याची लक्षणं असली तर जाडी असूनही नकार देतात. "टोपोग्राफी (बुबुळाच्या आकाराचा नकाशा) नॉर्मल आहे ना?" एवढं एकदा विचारून घ्या.

निंबोणी:
काय होणार ते क्रमानं माहीत असलं की अर्धं भेव तिथंच जाते. आधी बधिर करायचे थेंब, सुई नाही. पापण्या उघड्या ठेवायला चिमटा लावतात, त्यामुळे पापणी मिटायची काळजी तिची नाही. मग सक्शन रिंग, फ्लॅप कापताना डोळा धरून ठेवणारी कडी. लोक घाबरतात ते इथंच: डोळ्यावर चांगला दाब येतो आणि थोडा वेळ दिसणं मंदावतं, कधी पूर्ण अंधार होतो. साधारण 20-30 सेकंद. दाब सुटला की दिसायला लागतं. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर नजर गेली असं वाटून ती डोकं हलवेल.

पुढे फ्लॅप उचलला की सगळं धूसर. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे पाहत राहायचं. मशीनची टकटक येते, जळक्या केसांसारखा वास येतो. डोळा भाजत नसतो. बुबुळ झिजवणारा एक्सायमर लेझर थंड असतो, वास झिजलेल्या कणांचा. उणे 5 साठी हे काम बहुतेक मशीनवर मिनिटाच्या आत आटोपतं.

डोळा थोडा हलला तर ट्रॅकर लेझर त्याच्या मागे नेतो, जास्त हलला तर लेझर आपोआप थांबतो. शिंक येतेय असं वाटलं तर डोकं न हलवता तोंडानं सांगायचं, डॉक्टर थांबवतात. सर्दी-खोकला असेल तर आदल्या दिवशीच फोन करून तारीख पुढे घ्या.

आजपासून घरी सराव: उशी न घेता उताणं झोपायचं, छतावरच्या एका ठिपक्याकडे मिनिटभर पाहायचं, श्वास चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. पापणी लवली तरी चालेल, नजर हलू नये.

पांदण:
लाइटचं: लेझर मशीन यूपीएसवर चालते, मागे जनरेटर असतो. तरीही थांबली तर किती काम झालं ते मशीनमध्ये नोंदलेलं असते, तिथूनच पुढे सुरू करतात. आपल्या गावच्या डीपीचा हिशेब तिथं लावू नका.

खरी काळजी घरी आल्यावरची. सोयाबीनची मळणी सुरू असेल तर आठवडाभर थ्रेशरजवळ जायचं नाही, कपाशीत फवारणी असेल तर तिकडेही नाही. बाहेर निघताना बाजूनं बंद चष्मा, झोपताना प्लास्टिकची शील्ड. आठवडाभर डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही. चोळणं तर अजिबात नाही, फ्लॅप सरकतो. पहिले चार-सहा तास जळजळ आणि पाणी येईल, थेंब टाकून झोपवा. दुसऱ्या दिवशी तपासणी असते, म्हणून रात्री नागपुरातच थांबा. पण दुखणं वाढत गेलं किंवा दिसणं कमी होत गेलं तर सकाळची वाट न पाहता फोन करा.

रानवाट:
उपाशी न्यायचं का? आणि झोपेची गोळी?

निंबोणी:
फक्त थेंबांनी बधिर करतात, त्यामुळे सहसा हलकं खाऊनच बोलावतात. चहा एकच कप. गोळी मनानं नाही. गरज वाटली तर तिथं सौम्य गोळी देतात, आधी सांगा की ती फार घाबरते. ॲलर्जीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नको, डोळा कोरडा पडतो. काजळ, अत्तर, डिओ त्या दिवशी बंद.