पावणेसहा वर्षांच्या मुलाला एडीएचडीचे औषध सुरू करावे का?

अर्धविराम:

नमस्कार. आमचा मुलगा पावणेसहा वर्षांचा आहे. तीन भेटींमध्ये सविस्तर तपासणी करून आणि शाळेतील शिक्षिकेकडून प्रश्नावली भरून घेऊन बालमानसोपचारतज्ज्ञांनी गेल्या महिन्यात त्याला एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण, अतिचंचलता आणि उतावळेपणा) असल्याचे निदान केले. निदान अनपेक्षित नव्हते. हे मूल चालायला शिकले तेच मुळी धावत. मात्र पूर्वी ज्या गोष्टीचे कौतुक होत असे, तीच आता धोक्याची झाली आहे. गेल्या काही महिन्यांत दोनदा तो हात सोडवून भर रस्त्यात धावला. वर्गात तो जागेवर टिकत नाही, शेजारच्यांच्या वह्या ओढतो, रांगेत ढकलाढकली करतो, आणि आता कोणतेही मूल त्याला आपल्या खेळात घेत नाही. मागच्या आठवड्यात झोपताना त्याने मला विचारले, ‘‘मी वाईट आहे का?’’

डॉक्टरांचा सल्ला असा आहे की आधी पालकांसाठीचे वर्तन-प्रशिक्षण पूर्ण करावे आणि त्याने पुरेसा फरक पडला नाही, तर मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचे औषध अगदी कमी मात्रेत सुरू करून पाहावे. प्रशिक्षणाची चार सत्रे झाली आहेत आणि फरक फारसा जाणवलेला नाही. माझ्या पतींचे मत आहे की मोठा झाला की तो आपोआप शांत होईल, गोळ्या देऊन त्याचा स्वभाव मारू नये. माझे मत दिवसातून दोनदा बदलते. सकाळी वाटते की माझ्या थकव्यावरचे औषध मी त्याला देऊ पाहत आहे. रात्री, तो रडून झोपल्यावर, वाटते की माझ्या भीतीपायी त्याला मिळू शकणारी मदत मी अडवून धरली आहे.

इतक्या लहान वयात हे औषध कितपत सुरक्षित आहे, औषध न देता वाट पाहिल्यास त्याचे काय नुकसान होईल, आणि ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांनी तो कशाच्या आधारे घेतला, हे कृपया सांगावे.

दवबिंदू:

मी बरीच वर्षे अशा मुलांच्या पालकांबरोबर काम करते आहे. मी औषधे लिहून देणारी डॉक्टर नाही, त्यामुळे माझे म्हणणे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नये.

वयाचा मुद्दा सर्वांत आधी घेते, कारण हाच प्रश्न आठ वर्षांच्या मुलाबद्दल असता तर माझे उत्तर निराळे असते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांचे वर्तन-प्रशिक्षण. त्याने लक्षणीय सुधारणा झाली नाही आणि अडचणी मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या राहिल्या, तरच मिथाइलफेनिडेटचा विचार करावा. ब्रिटनमधील उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या सूचना पाच वर्षांखालील मुलांबाबत अधिक कडक आहेत. तेथे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय औषध देऊ नये असे सांगितले आहे. थोडक्यात, तुमच्या डॉक्टरांनी जो क्रम सांगितला तो योग्य आहे.

या सावधगिरीमागचे कारणही समजून घ्यावे. तीन ते साडेपाच वर्षे वयाच्या मुलांवरील एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात औषधाचा उपयोग दिसला, पण शाळकरी मुलांमध्ये दिसतो त्यापेक्षा कमी. आणि त्रास मात्र अधिक दिसला. सुमारे ११ टक्के मुलांचे औषध दुष्परिणामांमुळे बंद करावे लागले. जी मुले वर्षभर औषध घेत राहिली त्यांची उंची अपेक्षेपेक्षा सुमारे १.४ सेंटीमीटरने आणि वजन सुमारे १.३ किलोने कमी वाढले. मोठ्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतील, परंतु वीस किलोच्या मुलाच्या बाबतीत ते तसे नाहीत. या अभ्यासात औषध देण्याआधी कुटुंबांना दहा आठवड्यांचे पालक-प्रशिक्षण दिले होते. तुमची सत्रे चार झाली आहेत. चार सत्रांत तर बहुधा सूचना कशी द्यावी, चांगल्या वागण्याची दखल लगेच कशी घ्यावी, इथपर्यंतच पोहोचता येते, आणि पालकांनी वागण्याची तऱ्हा बदलली की मुलाचे वागणे सुरुवातीला काही दिवस अधिकच बिघडते. नेमक्या त्याच टप्प्यावर बरेच पालक ‘‘हे चालत नाही’’ असा निष्कर्ष काढतात.

आणखी एक, डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्यावी असे. त्याची श्रवणचाचणी झाली आहे का? तो रात्री घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का? टॉन्सिल किंवा अ‍ॅडिनॉइड (नाकामागची गाठ) वाढल्यामुळे ज्या मुलांची झोप मोडत राहते, ती दिवसा सुस्त दिसण्याऐवजी अनेकदा अतिचंचल दिसतात. तो वर्गातील सर्वांत लहान मुलांपैकी आहे का, हेही पाहावे. वर्गातील वयाने लहान मुलांना एडीएचडीचे निदान अधिक प्रमाणात मिळते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे, आणि अकरा महिन्यांचे अंतर या वयात फार मोठे असते.

शेवटी एक व्यक्तिगत प्रश्न, राग मानू नये: त्या चार सत्रांना तुम्ही दोघेही गेला होता का?

जुना_खेळाडू:

मी पालक नाही. मला एडीएचडी आहे हे मला चौतिसाव्या वर्षी कळले, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. लहानपणी मला कोणी औषध दिले नाही, आणि त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रारही नाही. पण ‘‘याला कळते पण वळत नाही’’ हे वाक्य मी घरी आणि शाळेत मिळून इतक्या वेळा ऐकले की ते मला स्वतःचे नाव वाटू लागले होते. ते टोमणा म्हणून म्हटले जाई. पुढे निदान झाल्यावर लक्षात आले की माझ्या आजाराचे इतके अचूक वर्णन कोणत्याही डॉक्टरने केलेले नाही. मला सगळे कळत होते. थांबायचे आहे हे कळण्यापूर्वीच पाय निघालेले असत, इतकेच.

तुमच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या निर्णयासाठी थांबवू नका. तेवढे आजच द्यावे.

संथ_प्रवाह:

मला थोडा विरोधी सूर लावावासा वाटतो. या विषयावरील एका मोठ्या अमेरिकी चाचणीत सात ते जवळपास दहा वर्षांची ५७९ मुले होती आणि तिचे पहिले निष्कर्ष १९९९ मध्ये आले. चौदा महिन्यांनंतर काटेकोरपणे औषध दिलेला गट लक्षणांच्या बाबतीत केवळ वर्तनोपचार घेतलेल्या गटाच्या पुढे होता, हे खरे. परंतु तीन वर्षांनी पाहिले तेव्हा गटांमधील फरक उरला नव्हता. मग ज्याचा फायदा तीन वर्षांत विरून जातो, त्यासाठी पावणेसहा वर्षांच्या मुलाची भूक आणि झोप पणाला का लावावी? पतींच्या म्हणण्यात मला तथ्य दिसते.

दवबिंदू:

आकडे बरोबर आहेत, त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र अपुरा आहे. चौदा महिन्यांनंतर त्या चाचणीतील नेमून दिलेले उपचार संपले आणि कुटुंबांनी आपापला मार्ग धरला. काहींनी औषध सोडले, काहींनी नव्याने सुरू केले. त्यामुळे पुढे गट सारखे दिसले, यावरून औषध निरुपयोगी होते असे सिद्ध होत नाही. एवढे मात्र त्यातून निश्चित घ्यावे, की दोन वर्षे गोळी दिली म्हणून दहाव्या वर्षी मूल निराळे होईल, असे वचन कोणी देऊ नये. हे औषध मेंदूत डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या संदेशवाहक रसायनांचे परत शोषले जाणे रोखते. साध्या गोळीचा परिणाम अर्ध्या ते एका तासात सुरू होतो आणि साधारण तीन ते पाच तासांत ओसरतो. चष्मा काढला की पुन्हा अंधुक दिसते, तसे. चष्म्याने डोळे बरे होत नाहीत म्हणून फळा न दिसणाऱ्या मुलाला आपण चष्मा नाकारत नाही. (चष्म्याने भूक मरत नाही, त्यामुळे ही उपमाही फार ताणू नये.)

‘‘मोठा झाला की शांत होईल’’ हेही अर्धेच खरे आहे. धावपळ वयानुसार पुष्कळ जणांची कमी होते. लक्ष आवरण्याची अडचण अनेकांच्या बाबतीत मोठेपणीही राहते.

सातवी_पायरी:

आमच्या मुलीला आम्ही सातव्या वर्षी औषध सुरू केले. आता ती दहा वर्षांची आहे. ‘‘औषध द्यावे की नाही’’ असा प्रश्न विचारत राहिलो तोपर्यंत आमच्या घरात भांडणाशिवाय काही झाले नाही. ‘‘सहा आठवडे देऊन पाहावे का, आणि काय दिसले तर बंद करावे’’ असा प्रश्न विचारला, तेव्हा आम्हा दोघांना प्रथमच एकाच कागदावर लिहिता आले. हे औषध चालू केल्यावर आयुष्यभर घ्यावे लागते, अशी माझ्या मनात समजूत होती. ती चुकीची होती. ते ज्या दिवशी घेतले त्या दिवसापुरते असते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवता येते.

त्या कागदावर आम्ही तीनच गोष्टी लिहिल्या: शाळेतून घरी येईपर्यंत किती वेळा मारामारी झाली, एका जागी बसून एक काम पूर्ण झाले का, आणि रात्री झोप किती वाजता लागली. सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनी वजन, उंची, रक्तदाब आणि नाडी तपासली, आणि घराण्यात कोणाला हृदयविकार किंवा तरुण वयात अचानक मृत्यू आला होता का, हे खोदून विचारले. हा प्रश्न कोणी विचारला नाही तर तुम्ही स्वतः सांगावे.

पहिल्या मात्रेने काहीच झाले नाही. दुसऱ्या मात्रेने ती वर्गात बसू लागली, पण घरी आल्यावर खिडकीशी शांतपणे बसून राहायची, आणि माझ्या पोटात गोळा आला. तुमच्या पतींना ज्याची भीती वाटते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मी फोन केला तेव्हा डॉक्टर म्हणाले की हा औषधाचा अपेक्षित परिणाम नव्हे, मात्रा जास्त झाल्याची खूण आहे. मात्रा कमी केली आणि आमची बडबडी मुलगी परत आली. दुपारची भूक मात्र गेलीच. आम्ही पोटभर खाणे गोळीच्या आधी आणि परिणाम ओसरल्यावर असे विभागले, आणि दर तीन महिन्यांनी वजन-उंची तक्त्यावर मांडत आलो. संध्याकाळी परिणाम उतरताना तासभर ती विलक्षण चिडचिड करायची; त्या तासात अभ्यास, हिशेब, उपदेश काहीही करायचे नाही, असा नियम आम्ही आमच्यासाठी केला. दरवर्षी काही आठवडे औषध थांबवून गरज उरली आहे का, हे पाहतो.

दवबिंदू यांच्याशी मी एका बाबतीत सहमत नाही. प्रशिक्षण आधी व्हावे हे मान्य, पण ते सगळ्यांना वेळेवर मिळत नाही, आणि मूल रोज रस्त्यावर धावत असेल तर बारा आठवड्यांची प्रतीक्षा ही काही निरुपद्रवी गोष्ट नाही. वाट पाहण्याचेही दुष्परिणाम असतात. ते कोणत्याही वेष्टनावर छापलेले नसतात.

अर्धविराम:

सर्वांचे मनापासून आभार. दवबिंदू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: नाही. चारही सत्रांना मी एकटीच गेले होते. घरी येऊन मी नियम सांगायचे आणि पती ते त्यांच्या परीने पाळायचे, म्हणजे बहुतेक वेळा पाळायचे नाहीत. तुमचे वाक्य मी त्यांना वाचून दाखवले नाही. त्यांनी स्वतःच वाचले, आणि पुढच्या सत्राला येतो असे म्हणाले.

मुलगा वर्गात सर्वांत लहान नाही, मधला आहे. तो घोरतो. हे आम्हाला माहीत होते, पण कोणाला सांगण्यासारखे कधी वाटले नव्हते. कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घेतली आहे आणि श्रवणचाचणीही त्याच दिवशी होईल. तोपर्यंत उरलेली सहा सत्रे दोघांनी मिळून पूर्ण करायची, असे ठरले आहे. ती संपतील तेव्हा तो सहा वर्षांचा झालेला असेल. त्यानंतरही तो हात सोडवून धावत असेल आणि खेळातून बाहेरच राहत असेल, तर सहा आठवड्यांपुरते औषध देऊन पाहण्यास पतींनी होकार दिला आहे. तो एकदम गप्प झालेला दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, ही त्यांची अट आहे आणि ती मला मान्य आहे.

जुना_खेळाडू, त्याला सांगितले. ‘‘तू वाईट नाहीस, तुझे पाय तुझ्याआधी निघतात,’’ असे म्हटल्यावर त्याने पांघरुणातून पाय बाहेर काढून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

सातवी_पायरी, तुमच्या सांगण्यावरून कागद तयार केला आहे. पहिल्या ओळीत आजची तारीख, वजन १९.४ किलो, उंची ११३ सेंटीमीटर.